‘पॅरा’ म्हणजे अर्धं नाही : पॅरेसिसवरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट दोनदा वाचली. पॅरेसिस (स्नायूंची ताकद कमी होणं) आणि पॅरालिसिस वेगळे, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की ‘पॅरा’ म्हणजे अर्धं, म्हणून पॅरेसिस म्हणजे अर्धा पॅरालिसिस, मुळात दोन्ही शब्द एकच आणि मी उगाच शब्दांचा कीस पाडतोय.

आधी ‘पॅरा’. त्याचा अर्थ अर्धं असा होत नाही हो, ग्रीकमध्ये ते बाजूला, जवळ अशा अर्थाने येतं. अर्धं म्हणजे ‘हेमि’, आपल्या संस्कृत ‘सामि’चं सख्खं भावंड, म्हणून एका बाजूचा हातपाय अशक्त झाला की हेमिपॅरेसिस म्हणतात.

पण मूळ अर्थाबद्दल तुमचं बरंचसं बरोबर आहे, ते मान्यच करतो. पॅरेसिस ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ सोडून देणं, सैल सोडणं, आणि पॅरालिसिसमधलं ‘लिसिस’ म्हणजेही सुटणं, ढिलं होणंच. वेगळा आहे तो ‘प्लेजिया’, म्हणजे पूर्ण पॅरालिसिससाठी डॉक्टर वापरतात तो शब्द, त्याच्या मुळाशी फटका आहे. हेमिप्लेजिया आणि आपला पक्षाघात शेजारी ठेवून बघा, एका बाजूला बसलेला तडाखा, दोन्ही भाषांना तेच सुचलं! (लकवा अरबीतून आला, तिथे तो फक्त तोंड वाकडं होण्यापुरता, आपण तो सगळ्यालाच लावतो.)

मग फरक कुठून आला? तर डॉक्टरांच्या वापरातून. हालचाल पूर्ण बंद असेल तर प्लेजिया, ताकद कमी झालीय पण थोडी शिल्लक आहे तर पॅरेसिस. स्नायूंची ताकद 0 ते 5 अशी मोजतात, 0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे स्नायू नुसता फुरफुरतो, 3 म्हणजे हात स्वतःच्या वजनाविरुद्ध उचलता येतो, 5 म्हणजे नॉर्मल. मधलं सगळं पॅरेसिस.

आणि याला मी कीस म्हणत नाही त्याचं कारण घरातलं आहे. काकांच्या डिस्चार्ज पेपरवर स्पष्ट ‘डावा हेमिपॅरेसिस’ लिहिलं होतं, आम्ही वाचला लकवा, आणि हात गेला असं धरून त्यांना भरवायला लागलो, शर्टाची बटणंसुद्धा आम्हीच लावायचो, म्हणजे जो हात वापरून सुधारला असता तोच आम्ही आठ-दहा दिवस गादीवर ठेवून दिला. फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी त्यांना डोळे मिटून दोन्ही हात तळवे वर करून समोर धरायला सांगितले. उजवा जागच्या जागी राहिला, डावा हळूहळू आत वळत खाली यायला लागला, पण पडला नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, ‘बघा, आहे ताकद,’ आणि त्याच हातात चमचा दिला.