आर्दीच्या अल्बमचे श्रेय गेन्सबूर्गला कशासाठी?

फ्रेंच गायिका-गीतकार फ्रान्स्वाज आर्दी ही निर्मात्यांनी सजवलेली बाहुली होती, प्रसिद्ध गीतकार-संगीतकार सर्ज गेन्सबूर्गने तिला प्रौढ केले, त्याच्याच हातून १९७१ चा ‘ला केस्त्याँ’ हा अल्बम घडला, तो फ्रान्समध्ये तुफान खपला आणि त्यातले प्रत्येक गाणे म्हणजे तिचा जोडीदार, गायक झाक द्युत्राँसाठी ढाळलेले अश्रू, असा एक मजकूर समाजमाध्यमांवर फिरतो आहे. फ्रेंच शिकणाऱ्या माझ्या भाचीने तो वर्गातल्या सादरीकरणासाठी जसाच्या तसा उतरवून घेतल्यामुळे आता गप्प राहणे शक्य नाही.

बाहुलीचा मुद्दा फार वेळ घेण्याच्या लायकीचा नाही. १९६२ मध्ये ज्या गाण्याने ती अठराव्या वर्षी घराघरांत पोचली, ते ‘तू ले गार्साँ ए ले फी’ तिने स्वतः लिहिले होते आणि पहिल्या अल्बममधली बहुतेक गाणीही तिचीच होती.

खरा संताप येतो तो गेन्सबूर्गच्या उल्लेखाने. त्याने १९६८ मध्ये तिच्यासाठी ‘कोमाँ त दीर आद्यू’चे शब्द लिहिले आणि ते गाणे गाजले, एवढे मान्य करावेच लागते. पण ‘ला केस्त्याँ’च्या श्रेयनामावलीत त्याचे नाव एकदाही येत नाही, आणि ही नामावली न वाचताच निकाल देणाऱ्यांना काय म्हणावे? बहुतेक चाली तुका या ब्राझीलियन गायिका-संगीतकाराच्या आहेत (आपल्या तुकोबांशी नामसाधर्म्य निव्वळ योगायोगाचे). आर्दीचा आवाज, तुकाची गिटार आणि गी पेदेर्सनचा बास एवढ्यावर या ध्वनिमुद्रणाचा पाया रचला गेला आणि तंतुवाद्यांचे थर त्यावर नंतर चढले. म्हणूनच तिथे ढोल-ताशांचा गजर नाही, श्वास ऐकू येतो आणि कुजबुजीसारखा स्वर कुठेही दबत नाही. स्वतःच्या निर्मितिसंस्थेमार्फत काम करणाऱ्या सत्तावीस वर्षांच्या गायिकेने एका स्त्री संगीतकाराला सोबत घेऊन हा बदल घडवला, आणि त्याचे श्रेय स्टुडिओत नसलेल्या एका प्रसिद्ध पुरुषाच्या पदरात टाकले जाते. तुकाचे १९७८ मध्ये तरुणपणीच निधन झाले. आपली बाजू मांडायला तीही उरलेली नाही.

खपाबद्दलचे विधान तर सरळ उलटे आहे. हा अल्बम त्या वेळी व्यापारीदृष्ट्या अपयशी ठरला आणि त्याची थोरवी रसिकांनी व समीक्षकांनी पुढे ओळखली.

द्युत्राँच्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने कबूल करतो. त्याच्याबरोबरच्या नात्यातली प्रतीक्षा आणि अनिश्चितता आपल्या गाण्यांत उतरली, हे आर्दीने कधी लपवले नाही. परंतु या अल्बममधल्या अनेक गाण्यांचे शब्द फ्रांक जेराल या गीतकाराचे आहेत; त्यांतले अश्रू द्युत्राँसाठी नेमके कोणी ढाळले, हे त्या मजकुराच्या लेखकानेच सांगावे.