म्हणे दुपारी जनावराला पाणी पाजू नका!

एक मेसेज सध्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. उन्हाळ्यात जनावरांना सकाळ-संध्याकाळ दोनदाच पाणी पाजा, दुपारी तापलेलं जनावर पाणी प्यायलं की दगावतं, जास्त पाण्यानं दूध पातळ होतं, आणि हिरवा चारा चालू असेल तर पाण्याची काही गरजच नाही. खाली 'जास्तीत जास्त शेअर करा' आहेच.

दगावण्याचं आधी घेऊ, कारण त्यात थोडं खरं आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. खूप वेळ तहानलेलं वासरू एकदम हौदावर सोडलं तर ते दम न घेता ढोसतं, पोट टम्म होतं, रक्तातल्या तांबड्या पेशी पाणी ओढून फुगतात नि फुटतात, आणि थोड्या वेळानं लघवी लाल व्हायला लागते. ती बघितली की माणूस घाबरणारच, म्हणणार पाणी बाधलं. अहो पण बाधली ती आधीची तहान! ज्याच्यापुढे दिवसभर पाणी आहे ते जनावर चार घोट घेतं, तोंड वर करतं, ओठ चाटतं, बाजूला होतं, त्याला ढोसायची घाईच नसते. म्हणजे दुपारचं पाणी तोडा सांगणारा हा मेसेजच जनावराला त्या अवस्थेला नेतोय. लांबून आलेलं, बराच वेळ उपाशीतहानलेलं असेल तर थोडं थोडं, मध्ये थांबून पाजा, एवढंच पथ्य. (उंट मिनिटांत शंभरेक लिटर पितो ते कसं, असं कुणी विचारेलच, तर त्याच्या तांबड्या पेशी लंबगोल असतात आणि फुगल्या तरी सहजी फुटत नाहीत. गाईचं तसं नाही.)

दूध पातळ होण्याचं तर काहीच्या काही. गाईच्या दुधात साधारण 87 टक्के पाणीच असतं आणि कासेत किती पाणी उतरणार ते मुख्यतः दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज ठरवतं, तुम्ही पाजलेल्या बादल्या नाही. पाणी तोडलं की दूध घटतं. फॅट कमी लागत असेल तर वाळली वैरण कमी पडतेय का ते बघा आधी.

हिरव्या चाऱ्याचा हिशोब सरळ करू. त्यात 80 टक्के पाणी धरा, 30 किलो खाल्ला तर 24 लिटर झाले. दुभत्या गाईला कडक उन्हात दिवसाला 100 लिटरच्या पुढेही लागू शकतं, मग बाकीचं कुठून येणार? आणि एवढं पाणी दोन वेळात बसवायचं म्हणजे कमालच. गाय खाऊन झाल्यावर पिते, धार काढल्यावर पिते, मधे मधेही पिते.

आता कुणी म्हणेल आमच्याकडे हौद भरलेलाच असतो तरी जनावर पीत नाही. त्या हौदात हात घालून बघा एकदा भर दुपारी. काळा पाइप उन्हात पडलेला असतो, पाणी चटका बसेल असं येतं, गाय नाकपुड्या टेकवते आणि मान मागे घेते. पाइप मातीखाली घाला, हौदावर सावली करा, तळाचं शेवाळ घासून काढा. आणि मोकळ्या गोठ्यात एकच हौद असेल तर दांडगी गाय तिथेच ठाण मांडते, गरीब गाय लांबून बघत उभी राहते. दुसरा हौद पार दुसऱ्या टोकाला ठेवा, दांडगी एका वेळी दोन्हीकडे थोडीच उभी राहणार.