वजनकाटा घेऊन आलेली बाई

लेक अकरा दिवसांची होती. सकाळी साडेनऊला बेल वाजली. दारात पन्नाशीची हेल्थ व्हिजिटर, म्हणजे बाळ-बाळंतिणीला घरी येऊन तपासणारी सरकारी नर्स, ग्लासगोच्या पावसात निथळणारी, पाठीवर सॅक. आत आली, हात धुतले, सॅकमधून वजनकाटा काढून गालिच्यावर ठेवला, त्यावर कागद अंथरला आणि म्हणाली, कपडे सगळे काढा, नॅपीसुद्धा. बाळंतपणासाठी आलेली माझी आई बाजूच्या खुर्चीवरून एकटक बघत होती.

आम्ही बोलावलं नव्हतं, फॉर्म भरला नव्हता, पैसे द्यायचे नव्हते. मग हिला कळलं कसं? त्या प्रश्नामागे लागून मी बरंच वाचलं, म्हणून हे लिहितेय.

जन्माची खबर आरोग्यखात्याला देणं ब्रिटनभर सक्तीचं झालं १९१५ साली, पहिल्या महायुद्धाच्या ऐन मध्यात. त्याआधी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९–१९०२) भरतीला आलेली पोरंच्या पोरं नापास झाली होती. छाती भरत नाही, दात किडलेले, उंची कमी. सरकार हादरलं. १९०४ मध्ये लोकांच्या खालावलेल्या प्रकृतीवर नेमलेल्या समितीचा अहवाल आला, १९०६ ला शाळेत जेवण देण्याची मुभा मिळाली, १९०७ ला शाळेत डॉक्टरी तपासणी सुरू झाली. ही मुलं त्याआधीही उपाशीच होती. त्यांच्या हातात बंदूक द्यायची वेळ आली तेव्हा ती दिसली.

युद्धामुळे ब्रिटनला कल्याणकारी राज्य मिळालं, असं सरसकट म्हटलं जातं. मला ते पटत नाही. बाँबने कुणाला दूध पाजलं नाही. ‘तिजोरीत पैसा नाही’ ही सबब तेवढी युद्धाने हिसकावून घेतली. बाकीचं लोकांनी मागून, भांडून मिळवलं, आणि त्यात बायका पुढे होत्या.

माझ्या घरापासून बसने वीस मिनिटांवर गोव्हन आहे, ग्लासगोचा जहाजबांधणीचा भाग. १९१५ मध्ये तिथल्या गोद्यांत युद्धाच्या कामासाठी माणसांचा लोंढा आला आणि घरमालकांनी भाडी वाढवली. नवरा आघाडीवर, घरात चार पोरं, आणि दारात जप्तीवाला. मेरी बार्बर नावाच्या बाईने शेजारणी गोळा केल्या. इमारतीच्या तोंडाशी एक जण घंटा घेऊन बसायची. जप्तीवाला दिसला की घंटा, आणि वरच्या मजल्यांवरून, धुण्याच्या खोल्यांतून बायका धावत यायच्या. कुणाच्या हातात पीठ, कुणाच्या हातात ओले कपडे. सगळा मारा त्याच्यावर. भाडं बंद करणारी हजारो कुटुंबं झाली. नोव्हेंबरात भाडं थकवलेल्या कामगारांवर खटला उभा राहिला तेव्हा मोर्चा थेट कोर्टावर गेला. डिसेंबरात कायदा झाला आणि भाडी ऑगस्ट १९१४ च्या पातळीवर गोठवली गेली. (मुंबईतही १९१८ ला युद्धकालीन भाडेकायदा आला. पागडीच्या घरात वाढलेल्यांना या गोष्टीचा धागा लगेच सापडेल.)

दुसऱ्या महायुद्धाची कथा जास्त ओळखीची आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये काही दिवसांत सुमारे १५ लाख माणसं, बहुतेक मुलं आणि आया, शहरांतून खेड्यांत हलवली. सुखवस्तू घरांनी उवा झालेली, खरजेने खाजवणारी पोरं पहिल्यांदा आपल्याच गादीवर झोपलेली पाहिली. १९४० पासून गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि पाच वर्षांखालच्या मुलांना रोज एक पाइंट (अर्ध्या लिटरहून थोडं जास्त) दूध, स्वस्तात किंवा फुकट. पुढे संत्र्याचा रस आणि कॉडलिव्हर तेल. इंग्लंड-वेल्समध्ये १९३९ साली हजारात ५१ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. बाँबवर्षावात, १९४१ ला, आकडा ६० वर गेला आणि १९४५ ला ४६ वर आला. देशात अन्न मोजून-मापून मिळत असताना!

१९४२ च्या डिसेंबरात सगळ्यांसाठी सामाजिक विम्याची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल आला आणि लोकांनी तो रांगा लावून विकत घेतला. युद्धानंतर दीड लाखावर तात्पुरती प्रीफॅब (कारखान्यात भाग बनवून जागेवर जोडलेली) घरं उभी राहिली, आत संडास, गरम पाणी आणि फ्रिजसकट. ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे सगळ्यांसाठी मोफत सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो कुटुंबभत्ता. दुसऱ्या मुलापासून आठवड्याला पाच शिलिंग. सरकार ते बापाच्या नावे देणार होतं. एलिनॉर रॅथबोन ही खासदार अडून बसली की पैसे आईच्याच हातात पडले पाहिजेत. पडले. पहिला भत्ता ऑगस्ट १९४६ मध्ये वाटला गेला. ती त्याच वर्षी जानेवारीत वारली होती.

आणि हे लिहिताना १९४३ गाळणं मला जमणार नाही. इथे बाळांना संत्र्याचा रस मिळत होता त्याच वर्षी बंगालमध्ये माणसं रस्त्यावर मरत होती, २० ते ३० लाख. धान्यासाठी आलेल्या मागण्या लंडनच्या त्याच युद्धमंत्रिमंडळाने पुन्हा पुन्हा नाकारल्या किंवा कापल्या. सरकारला भूक मोजता येत होती. कुणाची मोजायची, ते ठरलेलं होतं. या देशाच्या दूधयोजनेचं कौतुक मी मनापासून करते, पण हे बाजूला ठेवून नाही करू शकत.

त्याच १९४३ च्या ऑक्टोबरात भारतात आरोग्यसेवेचा आराखडा करायला भोर समिती नेमली गेली. तिच्या १९४६ च्या अहवालातून पुढे आपली प्राथमिक आरोग्य केंद्रं आली. माझ्या आईने अशाच एका केंद्रात, सिंधुदुर्गात, अठ्ठावीस वर्षं नर्स म्हणून काढली.

“आमच्याकडे झोळीचा काटा असायचा,” आई म्हणाली. “वाशाला अडकवायचा, पोर झोळीत. सांग ना तिला.” मी इंग्रजीत सांगितलं. हेल्थ व्हिजिटर हसली आणि आईकडे वळून बसली. काट्यावर आकडा आला २९६०. जन्मताना २९०० होती. “जन्मवजन भरून निघालं,” मी भाषांतर करायच्या आत आई बोलून गेली.

बाईने बाळाच्या आरोग्यनोंदींचं लाल पुस्तक उघडून वाढीचा तक्ता आईपुढे धरला आणि पेन तिच्या हातात दिलं. ठिपका आईने काढला.