क्रीडा पत्रकार हवाय कोणाला?

"खेळाडू स्वतः इन्स्टाग्रामवर बोलतात, क्लबांची स्वतःची चॅनेल आहेत, स्कोअर मोबाइलवर येतो. आता क्रीडा पत्रकार हवाय कोणाला?" अशा अर्थाच्या पोस्ट हल्ली धडाधड फॉरवर्ड होतात.

स्कोअरचं मान्य. निकालासाठी सकाळच्या पेपरची वाट बघणं कधीच संपलं.

पण खेळाडू थेट बोलला म्हणजे खरं कळलं, हे कोणी सांगितलं? अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षं थेटच सांगत होता की मी उत्तेजकं घेत नाही. शंका घेणारे पत्रकार डेव्हिड वॉल्श यांच्या 'संडे टाइम्स' या ब्रिटिश पेपरवर त्याने बदनामीचा दावा ठोकला. २००६ मध्ये पेपरला पैसे मोजून मिटवावं लागलं. २०१२ मध्ये त्याची 'टूर द फ्रान्स' या सायकल शर्यतीची सातही विजेतेपदं गेली.

क्लबांचे ड्रेसिंग रूममधले व्हिडिओ झकास असतात, मीही बघतो. पण आपल्या घरातली घाण कोणती संघटना आपल्याच चॅनेलवर दाखवेल? अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघटनेकडे प्रशिक्षकांविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी येत, आणि त्यातल्या अनेक पोलिसांपर्यंत जातच नसत. ऑगस्ट २०१६ मध्ये 'इंडियानापोलिस स्टार'ने हे छापलं. ते वाचून एका माजी जिम्नॅस्टने पेपरला ईमेल लिहिला: आपल्यावर अत्याचार करणारा प्रशिक्षक नव्हता, संघाचा डॉक्टर होता. तो लॅरी नासर. जानेवारी २०१८ मध्ये त्याच्या शिक्षेच्या सुनावणीत दीडशेहून अधिक जणींनी न्यायाधीशांसमोर आपबीती मांडली. तो ईमेल संघटनेच्या पेजवर कमेंट म्हणून टाकला असता, तर किती वेळ टिकला असता?

'कोणी वाचत नाही म्हणून विभाग बंद पडतात' याला पुरावा म्हणून 'न्यूयॉर्क टाइम्स'चं नाव घेतात. २०२३ मध्ये त्यांनी क्रीडा विभाग गुंडाळला, खरंय. पण आदल्याच वर्षी ५५ कोटी डॉलर मोजून 'द अ‍ॅथलेटिक' हे खेळाच्या बातम्यांचं संकेतस्थळ विकत घेतलं आणि खेळाच्या बातम्या त्याच्याकडे सोपवल्या. न वाचल्या जाणाऱ्या गोष्टीवर कोणी एवढे पैसे लावत नाही.

काळजी करायचीच तर मालकीची करा. २०१३ मध्ये अमेरिकन फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापतींवरच्या माहितीपटातून ईएसपीएन या क्रीडा वाहिनीने ऐनवेळी आपलं नाव काढून घेतलं. एनएफएलचा, म्हणजे तो खेळ चालवणाऱ्या लीगचा, दबाव नव्हता, असं वाहिनीचं म्हणणं. तेव्हा ती फक्त सामन्यांचे हक्क विकत घेणारी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झालेल्या करारात त्याच एनएफएलला ईएसपीएनमध्ये १० टक्के वाटा द्यायचं ठरलं.