कानाला कट आहे म्हणून ती बेवारस होत नाही

पाडव्याच्या सकाळी दूध आणायला खाली उतरले तर पुण्यात आमच्या कर्वेनगरच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या मागं एक कुत्री अंग चोरून बसलेली. तांबूस रंगाची, साधी गावठी, डाव्या कानाला कट. आदल्या रात्री लक्ष्मीपूजनाचे फटाके उशिरापर्यंत चालले होते. वॉचमनकाका म्हणाले, ताई रस्त्यावरची आहे, हाकलतो. हेच वाक्य मी पुढचे चार दिवस इतक्या लोकांकडून ऐकलं की शेवटी ही पोस्ट लिहायला बसले.

मला ती रस्त्यावरची वाटतच नव्हती. गळ्याभोवती पट्ट्याच्या जागी केस झिजलेले, नखं कापलेली, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लिफ्टचा आवाज आला की ही उठून दारासमोर जाऊन उभी राहायची, दार उघडलं की आत जाऊन कोपऱ्यात वळून बसायची. सवय असल्याशिवाय कुठलं कुत्रं असं करतं? पायाचे तळवे सोललेले होते, म्हणजे घाबरून कुठून कुठून पळत आली असणार.

आणि तो कानाचा कट. त्याचा अर्थ एवढाच की नसबंदी झालेली आहे. ऑपरेशन करून कुत्रं परत त्याच्या भागात सोडतात, तेच कुत्रं पुन्हा पकडलं जाऊ नये म्हणून ही खूण. पण त्यानंतर कोणी त्याला घरी नेलं, जीव लावला, तर कानाचा कट काही भरून येत नाही ना! पुण्यात घराघरात अशी कुत्री आहेत. हीच जर लॅब्रॅडॉर असती तर अर्ध्या तासात सोसायटीत धावपळ झाली असती, अरे कोणाचं आहे, पाणी द्या, फोटो टाका. गावठी दिसली की आपण धरूनच चालतो की हिचं कोणी नाही. मला या गोष्टीचा खरंच राग येतो.

दुसऱ्या बाजूनं चांगली माणसं पण चुकतात. दोन मैत्रिणींनी मनापासून सांगितलं की किती वाळलीये, गोचिड्या झाल्यात, हिला टाकून दिलेलं दिसतंय, तूच ठेव. अगं पण भटकणारं कुत्रं दोन-चार दिवसांतच तसं दिसायला लागतं! त्यावरून घरच्यांनी हाल केले असं कसं म्हणायचं? आधी घर शोधायचं, सगळे प्रयत्न संपल्यावर ठेवण्याचा विचार.

डॉक्टरकडे नेलं तर त्यांनी पहिल्यांदा मानेवरून स्कॅनर फिरवला. कातडीखाली बसवतात ती ओळखीची चिप नव्हती. बऱ्याच लोकांना वाटतं चिप म्हणजे जीपीएस, मोबाईलवर कुत्रं दिसेल, तसं नसतं. तांदळाच्या दाण्याएवढी असते, बॅटरी नाही काही नाही, स्कॅनर जवळ धरला की फक्त 15 आकडी नंबर येतो, आणि त्या नंबरापुढं तुमचा चालू फोन नंबर नोंदवलेला असेल तरच उपयोग. डॉक्टरांनी अजून एक सांगितलं ते फार कामाला आलं, की फोटो टाका पण एक खूण स्वतःकडे ठेवा, जो न्यायला येईल त्याला ती विचारा. हिच्या मागच्या उजव्या पायाचं एकच नख पांढरं होतं. मी सगळे फोटो पुढून काढले.

फोटो कोथरूड, कर्वेनगर, वारजे, डहाणूकरच्या सगळ्या ग्रुपवर फिरले. भाऊबीज झाली, तिसरा दिवस गेला, काही नाही. मी तिला दोरीला बांधून गल्ल्यागल्ल्यांतून फिरवत होते, वाटलं घर जवळ आलं की ओढेल, तेही नाही. चौथ्या दिवशी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशी दिवाळीच्या सुट्टीवरून आल्या, तिला बघितलं आणि म्हणाल्या, अगं बाई, ही तर पलीकडं गेटवर चिकटवलीये!

पलीकडं म्हणजे राजाराम पुलाच्या पलीकडं, सिंहगड रोडला. मावशींची दोन्हीकडं कामं आहेत, त्या रोज पूल ओलांडतात. आम्ही हिंगणे बुद्रुकमध्ये, म्हणजे आमच्या कर्वेनगरात शोधतोय आणि तिच्या घरचे लोक हिंगणे खुर्दमध्ये, मध्ये फक्त मुठा नदी! त्यांची पोस्ट त्यांच्या बाजूच्या ग्रुपमध्ये फिरत होती, आमची आमच्या. चार दिवस एकही माणूस दोन्ही ग्रुपमध्ये नव्हता. म्हणून सांगते, कुत्रं सापडलं तर नदीपलीकडं, हायवेपलीकडं पण कळवा, फटाक्यांना घाबरलेलं कुत्रं तुमच्या पिनकोडमध्ये थांबत नाही. आणि कागदावर प्रिंट काढून दूधवाला, इस्त्रीवाला, मेडिकल, जिथं रोज माणसं थांबतात तिथं लावा. आम्हाला मावशींच्या नजरेनं वाचवलं.

गेटवरच्या कागदावरच्या नंबरला फोन केला तर एका आजींनी उचलला. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, एक नख पांढरं आहे का गं, मागच्या पायाचं? मला बोलताच येईना. तिचं नाव ठकी. नऊ वर्षांपूर्वी त्यांच्याच गल्लीतून घरात घेतलेली. त्या रात्री दारासमोर फटाक्यांची माळ लागली, पट्ट्यातून मान सोडवून पळाली. पट्ट्यावर नाव होतं, फोन नंबरही होता, पण पट्टा आजींच्या हातातच राहिला. पट्टा बांधला की दोन बोटं जेमतेम आत जातील एवढाच घट्ट ठेवा, आणि दिवाळीत बाहेर नेताना छातीभोवती बांधायचा पट्टा, बॉडी हार्नेस घाला, कृपा करून घाला.

संध्याकाळी आजी मुलाबरोबर रिक्षातून आल्या. ठकी चार दिवस आमच्याकडे एकदाही भुंकली नव्हती. आजी गेटातून आत आल्या आणि ती जी ओरडायला लागली ते थांबेचना, आजी खाली फरशीवरच बसल्या तिला घेऊन.

मी लावलेले कागद सगळे काढलेत, फक्त पुलाच्या अलीकडच्या चहाच्या टपरीवरचा राहिलाय, टपरीवाले दादा अजून गावाहून आले नाहीत. तिकडून कोणी जात असेल तर प्लीज तेवढा काढा, लोकांचे फोन अजून येतायत.