चिबड

मी रत्नागिरीचा, बायको शिरोळची. दोघांची मातृभाषा एकच, अशी लग्नाआधी आमची समजूत होती.

पहिल्या दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो. फराळ आटोपून रान बघायला निघालो. अंगात कोरा पांढरा झब्बा, पायात मामांनी हौसेनं घेतलेली करकरती कोल्हापुरी. बांधावर उभं राहून मामांनी हात पसरला. "हितनं त्या बाभळीपतोर ऊस. पल्याडचं समदं चिबड."

मला भरून आलं. चिबूड! खरबुजासारखं फळ, आमच्याकडे गणपतीत एक कापला तरी वास शेजारच्या घरात जातो. गूळ आणि नारळाचं दूध घालून तर... आणि इथे एकरभर! मामांचा 'चिबड' मी घाटावरचा उच्चार म्हणून माफ करून टाकला.

"जाऊन बघू का?"

"त्यात काय बघायचं, पाव्हणं?"

मला तो विनय वाटला.

वेल दिसेनात. वर मिठाची साय धरलेली पांढुरकी भुई, मधूनमधून लव्हाळा. वेल पुढे असतील म्हणून चार पावलं टाकली. पाचवं टाकता आलं नाही, कारण चौथं परत मिळेना.

चिखल मला नवा नाही, भाताच्या चिखलणीत वाढलोय. पण आमचा चिखल तोंडावरच सांगतो की मी चिखल आहे. हे रान वरून वाळलेलं, आतून लोणी. एक पाय उपसायला दुसऱ्यावर भार दिला, तर दुसरा गुडघ्यापर्यंत आत.

"दाजी, हलू नगा!" मेव्हणा ओरडला. सूचना अनावश्यक होती.

तो कासरा आणायला पळाला. तोवर मामा बांधावर उकिडवे बसले आणि निवांत सांगू लागले. नदीवर मोटारी बसल्या, ऊस आला, पाणी मोजून द्यायचं मात्र राहिलं. काळी माती पाणी धरून ठेवते, निचरा नाही. मग खालचं पाणी वर चढतं, येताना मीठ घेऊन येतं. असं रान म्हणजे चिबड. आता जमिनीखाली भोकाच्या नळ्या पुरून ते ओढ्याला काढायचं, पण खर्च केवढा! मी माना डोलावत होतो. तेवढाच अवयव मोकळा होता.

पाचटाच्या पेंढ्या अंथरून, कासरा काखेत घालून मला ओढून काढलं. उजवी कोल्हापुरी तिथेच राहिली. माहेर सोडवेना बिचारीला.

तेव्हापासून हा शब्द आमच्या घरात रोज लागतो. मी तुळशीला तांब्याभर पाणी जास्त घातलं की आतून आवाज येतो, "कुंडी चिबड करू नका!" निचऱ्याचं भोक बुजलेलं असतं, हे मीही आता मामांच्याच सुरात समजावून देतो.

त्या रात्री आईचा फोन आला होता. "शेत बघितलंस का रे? काय काय आहे?"

"ऊस आहे. बाकी सगळं चिबड."

"अगो बाई! मग एखादा आणायचास की!"