फुसका बार

गिटार शिकणाऱ्या माणसाला "सध्या काय वाजवतेस?" असं विचारू नये. विचारणाऱ्याला एखाद्या गाण्याचं नाव हवं असतं, म्हणजे "अरे वा!" म्हणून विषय संपवता येतो. मी मात्र खरं उत्तर देते. "सध्या सीवरून एफवर जाते." समोरच्याला हा काहीतरी प्रवासाचा प्रकार वाटतो आणि तो विचारतो, "किती वेळ लागतो?"

आठ महिने झाले. अजून पोचले नाही.

कॉर्ड म्हणजे एकदम छेडायचे तीन-चार स्वर. सी, जी, ई मायनर या कॉर्ड सुनेसारख्या वागवता येतात. दोन-तीन बोटं इकडेतिकडे ठेवली, बाकीच्या तारा मोकळ्या सोडल्या, की झालं. एफला मोकळं काही चालत नाही. पहिलं बोट मानेवरच्या पहिल्या पट्ट्यावर, म्हणजे फ्रेटवर, आडवं पसरायचं, सहाच्या सहा तारा त्याखाली दाबायच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढे ई मेजरचा आकार धरायचा. याला बार कॉर्ड म्हणतात. नाव ज्याने ठेवलं त्याला मराठी येत नसणार, पण माझ्याकडे रोज संध्याकाळी जो निघतो तो फुसकाच निघतो. फट्, थड्, झीं, आणि मधूनच एखादी तार सुरात लागली तर ती चुकून.

स्टीलच्या तारांच्या साध्या गिटारवर सहा तारांचा ताण मिळून सत्तर किलोच्या आसपास भरतो. एक चांगला खातापिता माणूस त्या लाकडी मानेला दिवसरात्र लोंबकळत असतो म्हणा ना. तो सगळा भार मला दाबायचा नसतो हे मला कळतं. तर्जनीला कळत नाही. त्यात एफ नेमका मानेच्या टोकाशी, तारा खुंट्यांकडे जाण्याआधी ज्या पट्टीवर टेकतात तिच्या शेजारी. या पट्टीला नट म्हणतात, आणि कुठल्याही नटाप्रमाणे तिच्या जवळ जाल तितकी ती ताठ. तोच आकार, तीच बोटं पाचव्या फ्रेटवर नेली की ए मेजर होतो आणि तो मला बऱ्यापैकी वाजवता येतो. माणूस तोच, पण माहेरी वेगळा आणि सासरी वेगळा, तसं.

आमचे सर बावीस वर्षांचे आहेत. मला ताई म्हणतात. त्यांच्याकडे सगळ्या दुखण्यांवर एकच औषध आहे: "ताई, रिलॅक्स." बोट दुखतंय, रिलॅक्स. मनगट आखडलंय, रिलॅक्स. एकदा ते म्हणाले, "मधल्या तीन तारा तुमची बाकीची बोटंच दाबतायत. पहिल्या बोटाला फक्त सगळ्यात जाड तार आणि खालच्या दोन बारीक तारा सांभाळायच्यात." मी हिशोब केला. खरंच की! गेले कित्येक महिने माझं पहिलं बोट तीन तारांवर फुकट राबत होतं. घरात हे काम कोण करतं ते मला माहीत होतं, हातातही तेच निघालं.

पण मी काही रोज एफच वाजवत बसत नाही. माझा रियाज चांगला तासभर चालतो, आणि तो तास कसा जातो हे नीट पाहिलं तर त्यातली पंचावन्न मिनिटं एफला टाळण्यात जातात. जगातले बहुतेक गिटारवाले आपापला एफ असाच टाळत असतील अशी मला शंका आहे. कुणाचा एफ म्हणजे ताल, कुणाचा म्हणजे कानाने स्वर ओळखणं. "सध्या अमुक स्केल घोटतोय" असं कुणी सांगितलं की मी मनात विचारते, बाबा रे, टाळतोयस काय?

मी आधी पेन्टाटॉनिक स्केलला शरण गेले. पाच स्वर, आणि मानेवर बोटांच्या जागांचे पाच ठोकळे. पहिला ठोकळा दुपारभरात येतो, सोलो वाजवल्यासारखं वाटतं, आणि पुढचे चार ठोकळे शिकायची कुणाची छाती होत नाही. मी तर आयुष्यभर त्या एका खोलीत राहायला तयार आहे. मग सी, ए, जी, ई, डी हे कॉर्डचे पाच आकार मानेवर एकमेकांना कसे जोडलेले असतात ते शिकायला घेतलं. कागदावर रंगीत ठिपके काढले. तो कागद फार सुंदर झाला. तेव्हाच कळलं की गिटारच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये पाच-पाच अर्धस्वरांचं अंतर असतं, फक्त जी आणि बी या दोन तारांत चार. म्हणजे एखादा आकार पाठ करून शेजारच्या तारांवर सरकवावा, तर त्या एका ठिकाणी दात पडल्यासारखी खाच. हा खोडसाळपणा कॉर्ड धरायला सोपं जावं म्हणून आहे म्हणे. मी एफकडे बघितलं. एफने माझ्याकडे बघितलं.

यानंतर कोळी नावाचा व्यायाम. चार बोटं चार फ्रेटवर, एकापाठोपाठ एक, सहाही तारांवर खाली जायचं आणि वर यायचं. एक-दोन-तीन-चार, एक-दोन-तीन-चार. तिसरं बोट उचललं की चौथं त्याच्या मागे निघतं, कारण या बोटांना उचलणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात. एकत्र कुटुंब आहे ते. वेगळं व्हायला वेळ लागतो, आणि झालं तरी पूर्ण होत नाही.

कॅपोही आणला. हा चिमटा मानेवर बसवला की सहाही तारा तोच दाबून धरतो. पहिल्या फ्रेटवर चिमटा, त्यापुढे साधा ई मेजर, आणि काय सांगू, एफ! स्वच्छ, खणखणीत, बिनकष्टाचा. पाच मिनिटं मी स्वतःला हुशार समजत होते. मग सीवर जायची वेळ आली आणि लक्षात आलं की चिमटा लावल्यावर सीसाठी बीचा आकार धरावा लागतो, आणि बी हीसुद्धा बार कॉर्ड. दारातून घालवलेला पाहुणा खिडकीतून आत. चिमटा पाचव्या फ्रेटवर लावला तर सगळेच आकार सोपे होतात हे खरं, पण मग गिटार जत्रेतल्या खेळण्यासारखी किणकिणते, आणि सर हसतात.

ठोके देणाऱ्या मेट्रोनोमबद्दल फार बोलणार नाही. मेल्झेल नावाच्या गृहस्थाने 1815 साली त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून माणसाला आपण घाईत आहोत हे सांगणारं यंत्र मिळालं. मी मिनिटाला साठ ठोक्यांवर लावते. साठ म्हणजे सेकंदाला एक, घड्याळाची चाल. लग्नाच्या मांडवात सुद्धा लोक यापेक्षा भरभर चालतात. तरी दर चौथ्या ठोक्याला एफ आला की ठोका पुढे निघून जातो आणि मी मागे बोटं जमवत उभी. आमचा मुलगा म्हणतो, "आई, ते बंद पडलंय का?" ते चालू असतं. मी बंद पडलेली असते.

एका मिनिटात दोन कॉर्डची किती अदलाबदल होते ते मोजायचा व्यायाम आहे. साठ झाली तर उत्तम. माझी पहिल्या दिवशी नऊ झाली, त्यातली तीन मला लागल्यासारखी वाटली. ते रेकॉर्डिंग नंतर ऐकलं. तीन नव्हती.

अशा वेळी घरात कुणीतरी जांगो राइनहार्ट या गिटारवादकाचं नाव काढतंच. 1928 साली त्याच्या गाडीघराला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटं जवळजवळ निकामी झाली, आणि उरलेल्या दोन बोटांनी तो जे वाजवून गेला ते आजही लोक तोंडात बोट घालून ऐकतात. टोनी आयोमी या दुसऱ्या गिटारवाल्याने तर कारखान्यात दोन बोटांची टोकं गमावली आणि प्लास्टिकच्या टोप्या बनवून घातल्या. या गोष्टी ऐकून प्रेरणा मिळते असा समज आहे. माझ्याकडे दहाच्या दहा बोटं शाबूत आहेत, हे मला अशा वेळी चारचौघांत सांगवत नाही. नवरा म्हणतो, "अगं, जिमी हेंड्रिक्स अंगठा वरून आणून जाड तार दाबायचा म्हणे, तसं कर." हेंड्रिक्सचा पंजा होता. माझा अंगठा मानेवरून डोकावतो आणि कुंपणापलीकडे काय चाललंय ते बघून परत येतो.

दरम्यान शरीराचं रूपांतर चालू आहे. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली, उजव्या हाताची बोटांनी छेडायला वाढवलेली. हळदीकुंकवाला दोन्ही हात पुढे केले की बायका दोन वेगवेगळ्या माणसांचे हात बघतात. डाव्या बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. फोन ते बोट ओळखत नाही. त्याच्या लेखी मी मेलेय.

परवा घरात कुणी नव्हतं. मी नेहमीप्रमाणे ठिपक्यांचा कागद काढला, मग का कोण जाणे बाजूला ठेवला. तर्जनी थोडी कुशीवर वळवली, नखाच्या बाजूच्या हाडावर. कोपर पोटाशी घेतलं. अंगठ्याने आवळायचं सोडून दंडाचं ओझं मागे ओढू दिलं. आणि छेडलं. सहाही तारा वाजल्या. परत छेडलं, परत सहा. मी एकेक तार मोजली, सावकाराने नाणी मोजावीत तशी.

इतक्यात मुलगा आला. दप्तर टाकायच्या आत त्याला समोर बसवलं. "ऐक हं." सी, मग एफ. सी, मग एफ. चार वेळा.

तो डोकं हलवत म्हणाला, "आई, दुसरी कॉर्ड मस्त वाजते. पहिली अजून जमत नाहीये, पण येईल."

"पहिली सी आहे."

"हो? मला वाटलं, तीच एफ."